पाइपावरचे तीन ठोके

भुरीबाईला खरं सांगायचं की नाही, हे ठरवण्यात माझे चार महिने गेले. तिचा नवरा देवसिंग राजूरच्या कोळसा खाणीत दगडांमागे अडकून मेला, ते साल १९६१. तो कसा मेला हे सगळ्यांना माहीत आहे. तो वाचू शकला असता, हे फक्त मला माहीत होतं. मी मोहिउद्दीन, खाणीतला पंपमिस्त्री, आणि स्वतःला फार हुशार समजणारा माणूस.

या हुशारीचं मूळ म्हणजे प्रायस साहेब. खाणीचे जुने ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारे, राहणार वेल्सचे. कोणी त्यांना इंग्रज म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "आम्ही केल्ट. इंग्रज तिथं आमच्या मागून आले," असं ते दहादा सांगायचे. मला असल्या गोष्टींची भारी हौस. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या बंगल्याच्या पायरीवर बसून खोदून खोदून विचारायचो. त्यांच्याकडे म्हणे चर्च येण्याआधी झऱ्यांत आणि झाडांत देव राहायचे. दुखणं बरं व्हावं म्हणून लोक विहिरीजवळच्या झाडाला चिंध्या बांधायचे. हिवाळा लागतो त्या दिवशी मेलेली माणसं घरी येतात, म्हणून चुलीजवळ त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवायचे. मी म्हणायचो, साहेब, धागे तर आमच्या दर्ग्याच्या जाळीलाही बांधलेले आहेत, आणि आमचे शेजारी वामनराव दर पितृपक्षात कावळ्याची वाट बघत उपाशी बसतात. साहेब खूश व्हायचे. घरी माझी बायको जैबुनबी मात्र तडकायची. "नमाज सुटते तुमची, त्या गोऱ्याची भुतं काही सुटत नाहीत," म्हणायची.

सगळ्यात आवडली ती खाणीतल्या बुटक्यांची गोष्ट. वेल्सच्या खाणींत हातभर उंचीची माणसं राहतात, कोळशानं काळी झालेली, कमरेला छोटीशी कुदळ. ती दिसत नाहीत, नुसती ठोकतात. छत खाली यायचं असलं की तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन. ऐकणाऱ्यानं अदबीनं तीन ठोके परत द्यायचे आणि निघून जायचं. जेवताना शेवटचा घास त्यांच्यासाठी ठेवायचा. त्यांचं नाव कॉब्लनाय. माझी जीभ काही त्या नावाला वळेना, म्हणून मी त्यांना लहाने म्हणू लागलो. एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्ही खरंच मानता हे?" ते म्हणाले, "मी आधी छताला टेकू लावतो आणि मग घास ठेवतो." हे वाक्य मी सोयीस्कर विसरलो.

साहेब अठ्ठावन्न साली आपल्या देशी गेले, आणि त्यांची जागा जणू मलाच मिळाली. जेवणाच्या सुट्टीत मी लहान्यांच्या गोष्टी सांगायचो आणि माणसं कामं सोडून ऐकायची. बंद पडलेल्या चार नंबरच्या बोगद्याच्या तोंडाशी मी भाकरीचा तुकडा ठेवू लागलो, मग सगळेच ठेवू लागले. देवसिंग कोळशाचे टब ढकलायचा. तांड्यावरचा पोरगा, नुकतंच लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. तो सगळ्यात जास्त विचारायचा. "मिस्तरी, लहाने लेकराबाळायले पन सांभाळते का?" मी ठोकून दिलं, "सांभाळते ना. मनापासून ठेवलं पाहिजे फक्त."

त्या दिवशी त्याची पाळी दोन वाजता सुटली. अडीचच्या सुमाराला मी, माझ्या हाताखालचा लालसिंग आणि आणखी चौघं पंपाजवळ होतो, तेव्हा चार नंबरच्या बाजूला छत बसलं. कानठळ्या बसल्या, धुळीनं दिवे पिवळे पडले. मी माणसं मोजली. सहाच्या सहा होती. पहिल्या पाळीचे सगळे वर गेलेले. अल्लाचं नाव घेतलं आणि म्हटलं, कोणी सापडलं नाही.

मग ठोके आले. तीन, थोडं थांबून तीन.

"कोन ठोकून राह्यलं, मिस्तरी?" लालसिंगनं विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतकी वर्षं सांगत आलो ते आज कानांनी ऐकत होतो. "लहाने आहेत," मी म्हणालो. "अजून पडनार आहे. निघा म्हणून सांगून राह्यले."

आवाज माझ्या पंपाच्या पाइपातून येत होता. तो पाइप चार नंबरमधूनच पुढं जातो. माझं अर्धं आयुष्य पाइपांत गेलं, लोखंडावर दगड आपटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. तेव्हाही ओळखला होता. पण गोष्ट खरी ठरत होती ना, मग कोण ऐकतो कानांचं. मी पाना घेतला आणि पाइपावर अदबीनं तीन ठोके दिले. पलीकडून लगेच उत्तर आलं, घाईघाईचं, न थांबता, एकावर एक. लालसिंग घाबरला. मी म्हटलं, रागावले, चला. आणि सगळ्यांना घेऊन वर आलो. मॅनेजरनं त्या भागातलं काम दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवलं. वर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे देणारा रामलाल ओरडत आला की एक्केचाळीस नंबरचा दिवा परत आलेला नाही. तो देवसिंगचा होता. पाळी सुटल्यावर तो भाकरीचा तुकडा ठेवायला मागे फिरला होता. मी खाली धावलो, पाइपावर ठोकठोक ठोकलं, कान लावून बसलो. पाइप गप्प होता. खोदून त्याच्यापर्यंत पोचायला तिसरा दिवस उजाडला. त्याच्या हातात दगड होता आणि पाइपावर ताजे पोचे होते. डॉक्टर म्हणाले, पहिली रात्रभर तरी जिवंत असावा.

चौकशीत मी सांगितलं की दगड बसल्याचा आवाज ऐकला. बाकीच्यांनी लहाने सांगितले. चौकशीला आलेल्या साहेबांनी दोन्हींतलं काहीच लिहिलं नाही.

तेव्हापासून पंप चालू असतो तोवर ठीक असतं. बंद केला की पाइपात तीन ठोके येतात. एकदा मी पान्यानं उत्तर दिलं, तर पलीकडून तीच घाई सुरू झाली. पाना टाकून मी वर पळालो. परवा चहाच्या टपरीवर कोणीतरी कप बाकावर आपटला आणि मी ताडकन उभा राहिलो. मला भीती वाटते, दिवसाढवळ्या वाटते, आणि ती मी कोणाला सांगू शकत नाही.

काल दुपारी भुरीबाई घरी आली. कडेवर दोन महिन्यांचं लेकरू. तिनं खाट नाकारली, जमिनीवर बसली.

"मिस्तरी, लालसिंग म्हणते, तुमी लहान्यायचं ठोकनं ऐकलं."

"ऐकलं."

"मंग तो एकटा नोता तिथं," ती म्हणाली. "कोनी होतं त्याच्यासंग. मले तेवढंच बरं वाटते."

पडद्याआडून जैबुनबी मला मान हलवून खुणावत होती, हो म्हणा. एक हो म्हटलं असतं तर संपलं असतं. भुरीबाई समाधानानं गेली असती आणि मीही सुटलो असतो. पण माझं सुटणं मलाच नको झालं होतं.

"भुरीबाई, लहाने नोते. तो देवसिंगच होता. मले आवाज समजला होता, अन् तरी मी सगळ्यायले घेऊन निघून आलो."

ती शिव्या देईल, छाती बडवेल असं वाटलं, आणि तसं तिनं करावं अशी माझी इच्छा होती. तिनं लेकराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"निघायच्या आंधी तुमी काय केलं?"

"परत ठोकलं. तीन डाव."

"म्हनजे त्याले समजलं, कोनी ऐकलं म्हनून."

"हो."

"मंग त्यानं वाट पाह्यली असन," भुरीबाई म्हणाली. "तुमी येसान म्हनून."

ती उठली. जैबुनबी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तोवर ती फाटकाबाहेर गेली होती.