डावा थोरल्यांचा, उजवा धाकट्यांचा

थोरले आणि धाकटे या दोन भावांमध्ये कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. कारण एकच, वडिलांनी राहायचं कोणाकडे? दोघंही म्हणायचे, माझ्याकडेच. मुलं बापाला टाळतात अशी घरं सगळ्यांनी पाहिलेली असतात. इथे तऱ्हा उलटी होती, पण म्हाताऱ्याच्या वाट्याला आलं तेच. रोजच्या कटकटीला कंटाळून ते एकटे राहायला गेले आणि स्वतःचा चहा स्वतः करून पिऊ लागले.

त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. दोन्ही मुलगे एका छताखाली बसलेले बघायचे होते. मग दोघांच्या मधल्या बहिणीनं ठरवलं की बाबांवर एक छोटी फिल्म करायची, तीत दोघांनी बोलायचं आणि भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्यांनी बसून ती बघायची. काम अर्थातच तिच्या नवऱ्याच्या गळ्यात पडलं. तो व्हिडिओ एडिटर होता आणि घरचा जावई होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"दोघांतला एक जरी उठून गेला ना, तर बाबा पुन्हा कोणाला बोलावणार नाहीत. आणि मीही नाही. सांभाळा," ती म्हणाली.

भावांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन बोलून दिलं. दोघांची अट मात्र एकच निघाली. त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा नको.

एडिटरची खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद, तरी खालच्या मशीनची घरघर जमिनीतून वर यायचीच. थोरले तिथे येऊन हेडफोन लावून डोळे मिटून बसत. धाकट्यांचं बोलणं सुरू झालं की एक बोट वर करत.

"कमी करा."

"दादा, आवाजाचं मीटर बघा. दोन्ही पट्ट्या एकाच रेघेला टेकतायत."

"मीटर कोणाच्या बाजूचं आहे?"

आता याला काय सांगणार? थोरल्यांचा आवाज भारी, खर्जातला. धाकट्यांचा चिरका. आकड्यांत बरोबरी झाली तरी चिरका आवाज कानाला जास्त टोचतो. शेवटी एडिटरनं एका रिकाम्या ट्रॅकचा स्लायडर खाली ओढला. त्या ट्रॅकवर काहीच नव्हतं. थोरले म्हणाले, "हां, आता कसं!" दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, खात्री करायला.

धाकट्यांच्या बोलण्याच्या शेवटी एक वाक्य होतं. "बाबा माझ्याकडे यावेत असं मला वाटत नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं." कॅमेऱ्यासमोर ते बोलताना धाकट्यांचे डोळे भरले होते, आणि कॅमेऱ्यामागे जावयाचेही. थोरल्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. एडिटर श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे 'जिंकायचं' फार जोरात आलंय," थोरले म्हणाले.

संध्याकाळी धाकटे यायचे आणि नेमकं तेच वाढवायला सांगायचे. जावयाच्या नाकी नऊ आले. मग त्याला एक शहाणपण सुचलं. त्यानं थोरल्यांचा आवाज पूर्ण डाव्या बाजूला सरकवला आणि धाकट्यांचा पूर्ण उजव्या. दोन भाऊ, दोन कान. कोणी कोणाच्या डोक्यावर बसायचा प्रश्नच नाही. दोघांनी हेडफोन लावून ऐकलं आणि दोघंही खूश झाले. बायकोसुद्धा त्याला हुशार म्हणाली, आणि हे काही रोज घडत नसे.

वाढदिवसाच्या दिवशी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बाबा मधे, भाऊ दोन बाजूंना. फिल्म सुरू झाली. थोरले पडद्यावर खणखणीत बोलले. मग धाकटे आले, त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. मागचं संगीत तेवढं वाजत राहिलं.

एडिटरच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत हॉलवाल्याकडे गेला.

"उजवा स्पीकर ना? तो कधीचाच बंद आहे. एकावर भागतं सगळ्यांचं," हॉलवाला म्हणाला.

या धंद्यात नवशिक्यालाही सांगतात की बोलणं कधी एका बाजूला ढकलू नये आणि शेवटी सगळं एकाच साध्या स्पीकरवर ऐकून बघावं. जावयानं कपाळाला हात लावला.

तिकडे धाकटे उठून उभे राहिले होते. "कळलं मला, भाऊजी. दादानंच सांगितलं असणार तुम्हाला."

बहिणीनं त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"अरे, काय म्हणतोय हा? मला कोणी सांगेल का?" बाबा पडद्याकडे बोट करून म्हणाले.

धाकटे दाराकडे निघाले. तेवढ्यात थोरले बोलू लागले. बसल्या जागेवरून, कोणाकडेही न बघता.

"बाबा कारखान्यात होते. तिथे यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, म्हणून घरीही ते ओरडूनच बोलायचे. मला वाटायचं, रागावलेत."

पडद्यावर धाकट्यांचे ओठ हलत होते आणि थोरले त्यांच्या बरोबरीनं तेच शब्द बोलत होते. कमी करा, कमी करा म्हणत त्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की धाकटा कुठे थांबतो, कुठे आवंढा गिळतो, सगळं त्यांना पाठ होतं. धाकटे दारात थबकले.

शेवटचं वाक्य आलं. पडद्यावरचा धाकटा ते बोलून मोकळा झाला. थोरले मात्र अडकले. संगीतही संपलं. बाबा कानामागे हात धरून बसले होते.

"बाबा आमच्याकडे यावेत असं," थोरले अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आम्हाला वाटत नव्हतं. आम्हाला फक्त जिंकायचं होतं."

"दादा," धाकटे दारातून म्हणाले, "जरा मोठ्यानं. बाबांना ऐकू आलं नाही."

थोरल्यांनी मान वर केली आणि ते पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.