पाकीट फोडण्याआधी

वकीलबाईंनी पाकिटाला हात लावला नाही म्हणजे नाही. सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्याने ते टेबलावरून तीनदा पुढे सरकवलं, बाईंनी तीनदा मागे सरकवलं.

त्या पाकिटात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीविरुद्धचा गुप्त पुरावा होता. आठ महिने तो बिचारा कोठडीत होता आणि कशासाठी, ते त्याला सांगायला कोणी तयार नव्हतं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणे! मेहेरबानी एवढीच, की कोर्टाने नेमलेल्या वकिलाने तो पुरावा वाचावा आणि बंद खोलीत त्याची बाजू मांडावी. पण मेख अशी, की पाकीट फोडल्यापासून निकाल लागेपर्यंत वकिलाने अशिलाशी अवाक्षर बोलायचं नाही, बाहेर चौकशी करायची नाही. आणि आतला मजकूर तर जन्मभर कोणाला सांगायचा नाही.

मागच्या खटल्यात बाईंनी आल्या आल्या पाकीट फोडलं होतं. आरोप वाचून अशिलाला विचारण्यासारखं ढीगभर सुचलं, पण तोंडाला कुलूप! तो माणूस अजून आत आहे. त्याची आठवण आली की बाईंना अन्न गोड लागत नाही.

म्हणून या वेळी त्या आधी मिस्त्रीसमोर वही उघडून बसल्या.

"पकडण्याआधीच्या वर्षाचा एकेक दिवस सांगा."

"बाई, काल काय जेवलो ते आठवत नाही मला!"

"बरं, दिवस राहू द्या. लिफ्ट सांगा."

मग मात्र गडी खुलला. कुठल्या इमारतीत दोर झिजला होता, कुठलं दार नीट लागत नव्हतं, कुठल्या सेक्रेटरीने हुज्जत घातली, धडाधड सांगत सुटला. तीन दिवस हेच चाललं. अधिकारी दारातून डोकावला.

"अहो बाई, याचं चरित्र लिहिताय की काय?"

"लिहितेय. एक प्रत तुम्हालाही देईन."

पुढचे आठ दिवस बाईंनी तेवीस इमारती पालथ्या घातल्या. वॉचमनची रजिस्टरं, दुरुस्तीच्या नोंदी, सगळ्यांच्या शिक्का मारलेल्या प्रती गोळा केल्या. "वकिली सोडून लिफ्टचा धंदा काढतेयस का?" नवऱ्याने चिडवलं. बाई हसल्या नाहीत. नेमका हवा तोच दिवस सुटला असला तर? पण आता माघार घ्यायची नव्हती.

सुनावणीच्या सकाळी त्यांनी सही करून पाकीट फोडलं. आत एकच कागद! खबऱ्याचं म्हणणं, की अमुक तारखेला दुपारी मिस्त्री सरहद्दीजवळच्या लॉजवर शत्रूच्या दोन हस्तकांना भेटला. बाईंनी गठ्ठा उपसला. त्या दुपारी मिस्त्री इथेच, शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात, लिफ्टमध्ये अडकलेल्या सात जणांना बाहेर काढत होता. सातांतले एक खुद्द मोठे डॉक्टर. त्यांनी रजिस्टरात संतापून शेरा मारला होता, 'दीड तास लावला!'

"खबऱ्याची तारीख चुकली असेल," सरकारी वकील पुटपुटले.

"चूक त्याची, आणि आठ महिने भोगली कोणी?" बाईंचा आवाज चढला.

न्यायाधीशांनी त्याच दुपारी सुटकेचा हुकूम लिहिला.

फाटकावर मिस्त्रीने हात जोडले. शेजारी अधिकारी कान टवकारून उभा होताच.

"बाई, माझ्यावर आळ काय होता, ते तरी सांगा."

"मला सांगता येत नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"जजसाहेबांना? या साहेबांना?"

"आहे."

"म्हणजे मला एकट्याला सोडून सगळ्यांना! घरी पोरांना काय सांगू मी?"

बाईंना मान वर करवेना. पिशवीतून त्यांनी एक अर्ज काढला. "आरोप काय आहे ते आरोपीला कळलंच पाहिजे, असं मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलंय. आपल्या देशाने त्यावर सही केलीय. हा पाकिटाचा नियमच रद्द करा, असं मागतेय. पण सही तुमची लागेल."

"मिस्त्री, सुटलायस ना? गुमान घरी जा," अधिकारी म्हणाला. "पुन्हा भानगडीत पडू नकोस."

 मिस्त्रीने पेन घेतलं, कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. मग खाली मोठ्या अक्षरांत घराचा पत्ता लिहिला.

"पत्ता नीट लिहितोय, साहेब," तो म्हणाला. "या खेपेला यायचं झालं तर कारण घेऊन या."