ज्वारीच्या तोलाचे तिखट

मंगळवार, ७ ऑगस्ट १९३४. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सोलापुरातील एका सहकारी खाणावळीत गिरणी कामगारांची पहिली पंगत आमटीचा भुरका घेताच उठली आणि नळाकडे धावली. पंगतीत एकेचाळीस माणसे होती. नळ एक होता.

साडेबाराला चिटणीस शिवयोगी मास्तरांनी स्वयंपाकीण केराबाईला लेखी जाब विचारला: आमटी जाणूनबुजून बिघडवल्याबद्दल कामावरून का काढू नये? केराबाईला वाचता येत नव्हते, म्हणून कागद मास्तरांनीच वाचून दाखवला. तिची राहण्याची मागची खोली कामाबरोबर मिळालेली होती. काम गेले की खोलीही जाईल, हे कागदात नसताना त्यांनी तोंडी सांगितले.

मूळ आदल्या आठवड्यातले. केराबाई नऊ वर्षे चिपट्याने, म्हणजे पावशेरी मापाने, जिन्नस घेत आली. एका पंगतीला डाळ बारा चिपटी, तिखट दोन, मीठ एक. मास्तरांना हे अडाणीपणाचे वाटले. यापुढे सारे तोलूनच द्यायचे, असा ठराव त्यांनी खाणावळीच्या पंचांकडून करून घेतला. चिपट्याचे तोळे किती, हे पाहायला त्यांनी त्यात ज्वारी भरून तोलली. वीस तोळे भरली. मग सुवाच्य अक्षरात तक्ता लिहून भिंतीवर लावला: एक चिपटे म्हणजे वीस तोळे. कशाचे, हे लिहिले नाही. चिपटे कपाटात गेले, किल्ली मास्तरांच्या कमरेला.

मंगळवारी सकाळी स्वतः तराजू धरून त्यांनी चाळीस तोळे तिखट आणि वीस तोळे मीठ दिले.

"मास्तर, तिखाट लई दिसतंया," केराबाई म्हणाली. "आन् मीठ कमी."

"तक्ता बघ."

"तक्ता तुमी बघा. मी परात बघतीया."

"ज्वारी तुझ्यासमोरच तोलली ना?"

"व्हय की. पर आमटीत ज्वारी कुटं घालायची हाय?"

हे उत्तर मास्तरांनी वहीत 'उद्धट वर्तन' या सदरात नोंदवले.

बुधवारी सायंकाळी सहाला तीन पंचांपुढे चौकशी झाली. पंगतीतला साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, जोतीराम साक्षीला आला होता. त्याची जीभ अजून बरी नव्हती; तरी तो बोलला.

"मास्तर, चिपटंभर कापूस आन् चिपटंभर खिळं एका तोलाचं व्हय?"

"खाणावळीत खिळे शिजत नाहीत," मास्तर म्हणाले.

केराबाईने एकच मागणी केली. "माझं चिपटं काडा. तिखाट भरा, मग तोला. मीठ भरा, मग तोला. मग मला काडा."

कपाट उघडले. चिपटेभर तिखट अकरा तोळे भरले. चिपटेभर मीठ तीस.

मास्तरांनी प्रथम चिपट्यावर संशय घेतला. पुन्हा ज्वारी भरली, वीसच तोळे. मग तराजूवर घेतला. शेजारच्या दुकानातला तराजू आणला, आकडे तेच. पंचांनी अर्धा तास विचार केला. चिपटे बरोबर, तराजू बरोबर, तक्ता मंजूर झालेला. तेव्हा दोष तिखटाचा, ते हलके आहे, असा निष्कर्ष एकमताने निघाला. मीठ जड का, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर टाकला. केराबाईचा निकाल तिखटाच्या निकालापर्यंत तहकूब झाला. तोवर तिने चुलीला हात लावू नये, असे ठरले.

गुरुवारी दुधनीचे व्यापारी सिद्धप्पा यांना पत्र गेले: चिपट्याला वीस तोळे भरेल असेच तिखट पाठवावे.

शुक्रवारी उत्तर आले. "तीस वर्षांच्या धंद्यात असे तिखट पाहिले नाही. विटेची पूड मिसळल्यास वजन भरेल. किती मिसळावी ते लेखी कळवावे."

पत्र ऐकून जोतीराम म्हणाला, "तक्त्यातच बघा की. असंल तितं."

शनिवारी सकाळच्या गाडीने मास्तर स्वतः दुधनीला गेले. सायंकाळी पाचपर्यंत ते परतले नव्हते. चूल तिसऱ्या दिवशीही थंड होती. कामगार घरून बांधून आणलेली भाकरी खात होते. तक्ता भिंतीवर होता. चिपटे कपाटात, किल्ली दुधनीत. केराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होती. खोली तिने अद्याप सोडलेली नव्हती.