तेजोबाबांचा कौल आणि सुशांतचा दिवा

बंदरावरच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. तेजोबाबांनी शेंदूर फासलेल्या करवंटीतला काचेचा गोळा एका बाईच्या तळहातावर टेकवला आणि तो लख्खकन पेटला. ना वायर, ना बटण! सगळा मांडव एका दमात ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"हा ब्रह्मांडातून उतरलेला करंट आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "याला मीटर नाही, बिल नाही. सूर्यनारायणाच्या मेन स्विचला आमचं थेट कनेक्शन आहे."

आमच्या वाडीत देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून, कुठली आधी पडते त्यावरून कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. होडी कधी लोटायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं देवाला विचारायचं. बाबांनी हे बरोबर हेरलं होतं. पाकळी पडायला वेळ लागतो, लोक ताटकळतात. बाबांचा गोळा मात्र लगेच निकाल देई. पेटला तर होकार, नाही पेटला तर नकार.

मी, परशुराम मास्तर, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तरीही मागच्या रांगेत बसून मी गालातल्या गालात हसत होतो, कारण बाबा सुशांतच्या नावाने बोटं मोडत होते.

"मासळी का गेली? तुमच्यातला एक दीडशहाणा इंजिनियर समुद्रदेवाच्या डोळ्यांत दिवे मारतो म्हणून!"

ऐकून मला फार बरं वाटलं.

सुशांत माझा वर्गमित्र. शाळेत गणितात मी पहिला, तो जेमतेम पास. पण विज्ञान प्रदर्शनात मी ज्वालामुखीचा तक्ता लावला आणि त्याने हेडमास्तरांच्या खुर्चीखाली घंटी बसवली. साहेब टेकले की वाजायची. बक्षीस त्यालाच. पुढे तो इलेक्ट्रिकल इंजिनियर झाला, मुंबईत जहाजांच्या कंपनीत लागला, आणि चांगली नोकरी सोडून तळेऱ्याच्या फाट्यावर वर्कशॉप टाकून बसला. मी म्हटलं, आता आपटणार. कुठलं! आधी त्याने मासळीच्या पेटीतला बर्फ संपत आला की शिट्टी मारणारं यंत्र काढलं. मग त्याचा तो दिवा. खलाशाच्या जाकिटाला शिवायचा. माणूस समुद्रात पडला की खारं पाणी दिव्याच्या दोन पितळी खिळ्यांना जोडतं आणि दिवा आपोआप लागतो. पेटंट मिळालं, दिल्लीत सत्कार झाला. इथल्या सत्कारात त्याची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. घरी आलो तर माझी बायको संचिता म्हणाली, "काय साधो माणूस आसा हो!" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून त्याचं प्रत्येक यंत्र मी विकत आणतो, दार लावून घेतो आणि उघडून बघतो. चूक सापडावी एवढीच इच्छा. अजून सापडलेली नाही.

तेवढ्यात मांडवात, नवरा समुद्रात गमावलेली हौसाबाई पुढे आली. तिची म्हावऱ्याची, म्हणजे बांगडे माशांची, प्लास्टिकची घट्ट बुडाची टोपली मांडवाच्या दाराशी होती. हातात मुलाचं, दीपेशचं, जाकीट होतं. दिवस मावळताना त्याची होडी सुटणार होती.

"म्हाराजा," ती म्हणाली, "माजो घोव काळोखात बुडालो. हाको मारी होतो, पण खंय आसा ता कोणाक दिसलाच नाय. म्हणान झिलाच्या जाकिटाक सुशांताचो दिवो लावलंय. ठेवू काय काढू?"

बाबांनी तिच्या तळहातावर अंगारा चोळला आणि गोळा ठेवला. काळोख!

"नकार! दिवा समुद्रात फेक. होडीला आमचा मंतरलेला नारळ बांध."

"व्हय म्हाराजा," मांडव म्हणाला, पण आवाज दबका होता. हौसाबाई रडत रडत दाताने दिव्याची शिवण उसवू लागली.

माझं हसू तिथेच विझलं. दीपेश माझा विद्यार्थी. आणि बाबांनी गोळा उंच उचलला तेव्हा मला त्याच्या बुडाशी काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. दोन पितळी खिळे! ते अंतर, तो आकार माझ्या ओळखीचा होता. मग आठवलं, ज्यांचा गोळा पेटला त्यांच्या हातावर आधी तीर्थ पडलं होतं. ज्यांना नकार, त्यांना कोरडा अंगारा.

मला आला तो निव्वळ संताप. सुशांतवर जळण्यात निदान अर्थ आहे. त्याचाच दिवा चोरून, त्यावर शेंदूर फासून, त्यालाच शिव्या घालणाऱ्या या भामट्यासमोर गर्दी लोटांगण घालते? ज्या दिव्यातली चूक काढायला मी रात्री जागवल्या, तो याने फुकटात देव केला?

मी दाराशी गेलो, हौसाबाईच्या टोपलीतल्या बांगड्यांखालच्या खारट पाण्यात हात बुडवला आणि पुढे जाऊन तो पसरला.

"बाबा, माझाही कौल लावा. हे तेजोबाबा खोटारडे आहेत काय?"

बाबांचा चेहरा उतरला. घाईघाईने त्यांनी चिमूटभर अंगारा माझ्या हातावर दाबला. अंगाऱ्याचा चिखल झाला. गोळा ठेवला, आणि तो असा पेटला की बाबांचे सगळे दात दिसले.

मांडवात कोणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

मग हशा पिकला. मी हौसाबाईच्या हातातलं जाकीट दाराशी नेऊन टोपलीत बुडवलं. तोही दिवा पेटला, तसाच. होडीवाला डायलन तांडेल पुढे आला आणि त्याने गोळ्याचा शेंदूर बोटाने खरवडला, तर खाली त्याच्याच होडीचा नंबर निघाला. "अरे, ह्यो तर आमच्या होडीवरच्या जाकिटाचो दिवो! गेल्या म्हयन्यात चोरीक गेल्लो!" बाबा मागच्या वाटेने निघाले होते. डायलनच्या पोरांनी त्यांना तिथेच बसवलं आणि पोलिसांना फोन लावला.

कोणीतरी सुशांतलाही कळवलं होतं. तो आला तेव्हा बाबांसाठी आणलेले हार लोकांनी त्याच्याच गळ्यात घातले. मी बांगड्यांच्या वासाचा हात घेऊन कोपऱ्यात उभा.

सुशांत माझ्याकडे आला. "आतली रचना तुका कशी ठावक?"

"विज्ञानाचा मास्तर आहे मी."

"चूक गावली काय?"

"गावली असती तर गप्प बसलो असतो?"

तो मोठ्याने हसला. हसतोही मेला चांगला. मी आजही त्याच्यावर जळतो आणि जळत राहणार.

हौसाबाईने तिथेच बसून दिवा पुन्हा जाकिटाला शिवला, दुहेरी दोऱ्याने. दीपेश ते घालून होडीत चढला. ती किनाऱ्यावर उभी होती, पण आज पदर डोळ्यांना नव्हता.

लोकहो, तुमच्यासमोर कोणी चमत्कार ठेवला तर हात जोडण्याआधी तो उलटा करून त्याचं बूड बघा. मी मत्सरापोटी बघत होतो. तुम्ही आपल्या पोराबाळांसाठी बघा.