बटणावरचं कुंकू

बाबूरावांचा हट्ट परदेशीपुऱ्यात कुणाला नवा नव्हता. पण हट्टालाही काही शेंडाबुडखा असावा की नाही? आज त्यांच्या बायकोचं, अंबिकाबाईंचं वर्षश्राद्ध. मुलगा सुजय भोपाळहून कारने परस्पर नर्मदेकाठी खेडीघाटाला पोचणार, गुरुजी सकाळीच तिथे येऊन बसणार, आणि हे म्हणतात, मी नर्मदेवर येईन तर माझ्या मोटरसायकलवरच. मोटरसायकल तर या थंडीत सकाळची सुरूच होत नव्हती.

गाडी जुनी, विलायती, बाबूरावांच्या वडिलांनी मिलमधल्या साहेबाकडून घेतलेली. दुपारी उन्हात उभी केली की पहिल्या-दुसऱ्या किकला धडधडायची. सकाळी ढिम्म. मेकॅनिक येऊन गेले, तेही ऊन चढल्यावर. गाडी त्यांच्यासमोर शहाण्यासारखी सुरू झाली आणि ते चहा पिऊन गेले. थंडीचा रोग उन्हात कसा सापडणार, डोंबल?

शेवटच्या दुखण्यात अंबिकाबाई म्हणाल्या होत्या, "बरी झाले की गाडीवरनंच नर्मदेला न्या मला." बाबूरावांनी हो म्हटलं. त्या बऱ्या झाल्या नाहीत. दिलेला शब्द तसाच राहिला आणि वर्षभर त्यांना आतून कुरतडत राहिला.

मनीषचं गॅरेज भंवरकुआंला. जुन्या गाड्यांचा नाद असलेला माणूस. त्याने कालच बजावलं होतं, "काकाजी, आता हिला हात लावू नका. रातभर थंडी खाऊ द्या. सुबह मी येतो."

उजाडता उजाडता तो आला. इंजिनाला तळवा लावून बघितला, गार ठणठणीत. प्लग काढून ठिणगी पाहिली, पेट्रोलची नळी पाहिली. "सगळं बरोबर आहे. आता तुम्ही रोज करता तसंच करा. मी फक्त बघतो."

बाबूरावांनी पेट्रोलची चावी उघडली, चोक ओढला, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, धाप लागेपर्यंत मारली. मनीषने खाली वाकून सायलेन्सर हुंगला.

"पेट्रोलचा वासच नाही. आत पोचतच नाहीये." मग तो थबकला. "काकाजी, बटण नाही दाबलं?"

कार्बोरेटरच्या कडेला एक इवलंसं पितळी बटण असतं. थंडीत ते दाबून धरायचं, आतलं पेट्रोल वर चढून बोटाला लागेपर्यंत, आणि मगच किक मारायची. जन्मभर ही गाडी चालवलेला माणूस एवढं विसरेल? बाबूराव विसरले नव्हते.

"ते सोडून बाकी काय ते बघ," ते तुटकपणे म्हणाले.

दसऱ्याला लोक हेडलाइटवर स्वस्तिक काढतात. अंबिकाबाईंचं सगळंच जगावेगळं, त्या कुंकू या बटणाला लावायच्या. म्हणायच्या, "याला दाबल्याशिवाय ही उठत नाही, मग मान याचा नको?" दुसऱ्याच सकाळी ते बाबूरावांच्या बोटाला लागून पुसलं जायचं आणि ते कुरकुरायचे. अंबिकाबाईंच्या शेवटच्या दसऱ्याला मात्र त्यांचा हात थरथरत होता. तेलात कालवलेलं कुंकू बटणभर फासलं गेलं आणि त्यात त्यांच्या बोटाच्या रेषा उमटल्या. पुढे दुखणं वाढलं, गाडी झाकलेलीच राहिली, आणि त्या गेल्यावर बटणाला हात लावायची बाबूरावांची छाती झाली नाही.

मनीषने वाकून पाहिलं. वाळलेला लाल थर, त्यावर बारीक रेषा.

"गरम पाण्याचं फडकं गुंडाळून बघू? उठेल शायद."

"पाण्याने ते निघेल."

"निघेल," मनीष म्हणाला. "मग सुजय भियाला फोन लावू? कार इकडे वळवतील."

बाबूरावांनी नकारार्थी मान हलवली. कारने गेलो तर शब्द मोडला, आणि बटण दाबलं तर ती पुसली गेली. धड इकडे ना तिकडे. त्यांना मरणाचं एकटं वाटलं, ती गेली त्या दिवसापेक्षाही एकटं.

शेवटी ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. आपलं बोट त्या रेषांवर ठेवलं. "रागावू नकोस," असं काहीसं पुटपुटले आणि दाबलं. बटण आधी हललंच नाही, थर धरून बसला होता. मग एकदम आत गेलं. थंड पेट्रोल वर आलं, कुंकू विरघळलं आणि लाल ओघळ खाली उतरला. पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही. डोळे वाहत होते, ते त्यांनी वाहू दिले. मनीष पाठ फिरवून पाने-पक्कड आवरत बसला.

दुसऱ्या किकला गाडी उठली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

बाबूराव सीटवर बसले, क्लच दाबला. गीअरवर पाय ठेवला आणि तसेच थांबले. इंजिन चांगलं तापलं, मनीषने अंगणाचं दार उघडून धरलं, तरी गाडी हलेना.

"काय झालं, काकाजी?"

"काही नाही रे," बाबूराव म्हणाले. "मागची सीट दबली की मी गीअर टाकतो. मला दुसरी सवयच नाही." थोड्या वेळाने त्यांनी वळून न बघता विचारलं, "मागे बसतोस का, घाटापर्यंत?"

मनीषने दाराला कुलूप घातलं आणि मागे बसला.