मानेवरचे थेंब

सासूबाईंचं असं होतं, की एखादं काम हातात घेतलं की त्याचा पार चोथा केल्याशिवाय सोडायचं नाही. सुनेला सातवा महिना लागलेला आणि घरातल्या ठोंब्याच्या अंगावर गोचिड्या. म्हणजे कुत्र्याला औषध लावणं आलंच. पण पोटुशीनं त्या औषधाला हात लावू नये, हे सासूबाईंनी पाकिटावर भिंग धरून वाचलं. शिवणाचं मशीन बंद केलं, हातमोजे चढवले, ठोंब्याला दोन गुडघ्यांत दाबला आणि मानेवरचे केस बाजूला सारून औषधाची नळी रिकामी केली. थाट काय विचारता, मोठ्या डॉक्टरीणबाईच! मग हात धुऊन गिऱ्हाइकाच्या पडद्यांना झालर लावायला बसल्या.

सुनेला सांगायचं तेवढं राहिलं.

सून लायब्ररीतल्या कामावरून आली, पिशवी टाकली आणि रोजच्यासारखी ठोंब्याच्या गळ्यात पडली. गाल थेट त्याच्या मानेवर.

"अगं बाई, हा ओला कसा? आंघोळ घातलीत की काय?"

सासूबाईंच्या हातातली कात्री खाली पडली. "सोड त्याला! सोड आधी! औषध लावलंय मी!"

सून उठली ती तडक बेसिनपाशी. साबणानं गाल धुतला, हात धुतले, पुन्हा धुतले. कपडे बदलले. तोंडातून चकार शब्द नाही. सासूबाई टॉवेल धरून मागे उभ्या. मागच्या खेपेला चौथ्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या की यात कोणाचाच दोष नाही. त्या एका वाक्यावर हे घर तगलं होतं. आता काही बरंवाईट झालं तर दोषी माणूस घरातच होतं, टॉवेल घेऊन उभं.

दोघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पाकीट नीट वाचलं. तोंडात, डोळ्यांत गेलं का? नाही. लगेच धुतलं? हो. मग पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले.

"ठणठणीत आहे. गालाला जरासं लागलं, ते लगेच धुतलंत. एवढ्यानं बाळाला काही होणार नाही. पुरळ आलं, गरगरलं तर फोन करा. आणि औषध वाळेपर्यंत कुत्र्याला लांब ठेवा. काकू, तुम्ही सगळं बरोबर केलंत, फक्त तोंड उघडायचं राहिलं."

"मला तोंड उघड म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," सासूबाई म्हणाल्या, आणि मटकन खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला होता, पण पायांना ते कळायला वेळ लागला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना राहवलं नाही. "तू मला एका शब्दानं बोलली नाहीस गं."

"काही झालं असतं तरी बोलले नसते, आई."

"अगं, तेच तर! तू बोलली नसतीस, आणि मी मरेपर्यंत ते ऐकत बसले असते."

सून थांबली. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मग आता बोलू?"

"बोल गं बाई, बोल!"

"अक्कल कुठे गहाण ठेवली होती हो तुम्ही? एवढं भिंग लावून वाचलंत आणि दारात एक हाक मारता आली नाही? घाबरून माझा अर्धा जीव गेला!" सून रस्ताभर तोफ डागत राहिली, मधेच स्वतःच हसायला लागली. सासूबाई तिचा हात घट्ट धरून, नाक पुसत, प्रत्येक वाक्याला म्हणत होत्या, "अजून बोल."