उभ्यानं बरं

“टाके पडले आणि मग काही वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी बोल. लाजत राहू नकोस,” तिचे दिवस भरत आले होते तेव्हा मोठ्या जाऊबाई दुपट्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या होत्या.

तिनं मोबाइलवरून मान वर न करताच हसून टाकलं होतं. “ताई, मी सगळं वाचलंय. पहिलटकरणीला छेद दिला तरी पंधरवड्यात भरून येतो.”

बाळंतपणाला पंधरवडा उलटला. ती बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि पाहुण्यांमध्ये बाळाच्या नाकावरून जुंपली होती.

“नाक आमच्याकडचंच,” आत्याबाई म्हणाल्या. “त्यावर माशी बसू दिली म्हणजे मिळवली!”

सगळे हसले. आपलेही ओठ हलले, एवढं तिला कळलं.

“अगं, तू बस की,” पाहुण्यांपैकी कुणीतरी तिला म्हणालं.

“मोठ्यांसमोर नाही बसत ती,” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. “एवढी शिकली, पण मर्यादा सोडली नाही पोरीनं.”

चला, खोटं बोलायची वेळ टळली. खाली टाक्यांपाशी ओल होती, ओलीला वास होता, कालपासून अंगात कणकण होती. पण शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू यावं, तसं ते सगळं दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं.

कप गोळा करताना जाऊबाई तिच्यापाशी थबकल्या. त्यांनी हाताची मागची बाजू तिच्या मानेला लावली.

“चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय.”

“बाळाला काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“बाळ छान आहे,” जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. “टाके उसवलेत. पू झालाय. स्वच्छ करून औषध सुरू करू, पुन्हा शिवायचं का ते नंतर बघू. घरात कुणाला सांगितलं नाहीत?”

ती पडद्याकडे बघत राहिली. त्याच्या खालून जाऊबाईंची पावलं दिसत होती. भार एका पायावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. शेजारची खुर्ची रिकामी होती.

“ताई, बसा ना. वेळ लागेल,” ती आतूनच म्हणाली.

“असू दे गं. मला उभ्यानंच बरं वाटतं.”

जाऊबाईंना नीट टेकून बसलेलं आपण कधी पाहिलंय, ते ती आठवू लागली. जेवताना त्या वाढत असत. लग्नकार्यात दाराशी असत. लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की नेमकं त्यांचं डोकं दुखे. त्यांचा मुलगा आता दुसरीत होता.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. “झालं. आणखी काही विचारायचंय?”

“बाहेर माझ्या जाऊबाई आहेत,” ती म्हणाली. आवाज बऱ्याच दिवसांनी तिचा स्वतःचा वाटला. “त्यांनाही आत बोलावून तपासा. नाही म्हणतील. ऐकू नका.”